लगेजच्या डब्याची बस

रविवारी सकाळी सव्वासहाला शालन नाखवाला ठाणे पूर्वेच्या बसथांब्यावर बसमधून उतरवण्यात आलं. ती स्वतः उतरली नव्हती, तिला उतरवलं होतं, आणि हा फरक तिच्या लेखी फार मोठा होता. तीस वर्षं ती डोक्यावर पाटी घेऊन चेंदणी कोळीवाड्यातून डोंबिवलीला मासळी विकायला जात होती. तेवढ्या वर्षांत तिला कुणी कशातून उतरवलं नव्हतं.

ठाणे आणि कल्याणच्या मध्ये नवे रूळ जोडायचं आणि सिग्नल बदलायचं मोठं काम निघालं होतं. लागोपाठ तीन रविवार सकाळी सहा ते दुपारी तीन एकही लोकल धावणार नव्हती. तिच्याऐवजी ठाण्याहून शिळफाट्यामार्गे डोंबिवली आणि कल्याणला जादा बस सोडल्या होत्या. माणसांची सोय झाली होती. खाडीच्या चिंबोऱ्यांची कुणी केली नव्हती.

"मावशी, मासळी बसमध्ये नाही चालत," कंडक्टर म्हणाला. "पाणी गळतं, वास येतो, पब्लिक माझ्याशी भांडतं."

"मंग लगेजचा डबा कुठं लावलाय?"

"बसला लगेजचा डबा कुठून असणार?"

"गाडीला असतो ना? गाडीच्या बदल्यात बस लावलीय का नाय तुमी?"

कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला. त्याने ती दोनदा ओढली आणि बस निघून गेली. टेम्पो बघावा तर सगळे टेम्पोवाले माणसंच कोंबत होते. रिक्षावाले पाटीकडे बघूनच मान हलवायचे. शालन तिथेच फुटपाथवर पाटीशेजारी तासभर बसून राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्या बसकडे रागाने बघत राहिली. शेवटी घरी परतली. कोळंबी शेजारीपाजारी वाटली, चिंबोऱ्या घरच्यांनी खाल्ल्या, आणि खाताना कुणी तिच्याशी बोलायची हिंमत केली नाही.

मासळी वाया गेल्याचं दुःख एका जेवणात संपलं असतं. खरी गोष्ट ओट्याची होती.

डोंबिवलीच्या त्या बाजारात कोपऱ्यावरचा ओटा शालनच्या सासूचा, गंगुबाईचा. गुडघ्यांनी दगा दिल्यावर बारा वर्षांपूर्वी तिने तो सुनेला दिला. त्या बाजाराचा एक नियम होता. रविवारी सकाळी नवाच्या आत ज्याने त्याने आपला ओटा धुऊन त्यावर मासळी मांडायची. इतर वारी कुणी येवो न येवो, पण लागोपाठ दोन रविवार ओटा कोरडा राहिला, तर तो पुढच्या गरजवंत बाईला द्यायचा. ओटे कमी आणि बाया जास्त, म्हणून हा नियम. कागदावर कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

सोमवारी शालन बाजारात गेली तेव्हा शेवंतीने तिला बाजूला घेतलं. शेवंती बाजारातली सगळ्यात जुनी बाई, तिचा शब्द शेवटचा.

"बाय, काल तुजा वटा कोरडा ऱ्हायला."

"मावशी, गाड्याच बंद होत्या."

"मला काय म्हाईत नाय का? पन मागं पुरात गाड्या बंद पडल्या तवा रखमीचा वटा गेलाच ना? तवा कुनी माफी दिली नाय. पुढल्या रविवारी नवाच्या आत वला कर. नाय तर हेमालीचा नंबर हाय. तिची पोरं लहान हायत, नवरा घरी बसलाय."

हेमालीचा राग धरावा तर तोही धरता येईना. पोरगी चांगली होती, खरंच गरजू होती. शालन घरी आली ती थेट सासूपुढे जाऊन बसली. वाटलं, गंगुबाई शेवंतीची जुनी मैत्रीण. एक फोन केला तर काम होईल.

गंगुबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यो नियम कुनी केलाय, म्हाईताय?"

"कुनी?"

"मी. रखमीचा वटा मीच काढला. आता माज्या सुनेसाठी फोन करू? मी नाय करायची."

शालन त्या रात्री जेवली नाही. सासू म्हणजे काय चीज असते ते इतक्या वर्षांत कळलं नव्हतं असं नाही, पण एवढं कळलं नव्हतं. मात्र भुकेल्या पोटी पडल्या पडल्या तिला रविवारचा तो फुटपाथवरचा तास आठवायला लागला. डोंबिवलीकडून येणाऱ्या बस दारात लोंबकळणाऱ्या माणसांनी भरून येत होत्या. सकाळी सगळ्यांना मुंबईकडेच जायचं असतं. आणि ठाण्याहून उलट जाताना? पाच माणसं, सात माणसं. एका बसमध्ये तर ड्रायव्हर, कंडक्टर आणि एक झोपलेला म्हातारा, एवढेच.

मंगळवारी ती थांब्यावरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये गेली. जादा बसचं नियोजन राजरत्न नावाच्या पस्तिशीतल्या नियंत्रकाकडे होतं. तो वर्तकनगरचा, कामाचा माणूस, पण रविवारभर लोकांच्या शिव्या खाऊन त्याचा चेहरा उतरला होता.

"मावशी, मासळीचं म्हणाल तर नियम नाही," त्याने ती तोंड उघडायच्या आतच सांगितलं.

"नियमाचं मला घरीच खूप झालं, दादा. मला फकस्त तुमचा तक्ता दाखवा."

कुणी तक्ता बघायला मागेल असं राजरत्नला वाटलं नव्हतं. त्याने तो हौसेने उघडला. वरच्या कुठल्याशा साहेबाने फार मेहनतीने केलेला होता तो. सकाळची अमुक गाडी, तिचे डबे इतके, प्रत्येक डब्यातली माणसं इतकी, म्हणून बस इतक्या. बायकांचे डबे होते, पहिल्या वर्गाचे होते, दिव्यांगांचा होता.

"ह्यात लगेजचा डबा कुठाय?" शालनने विचारलं.

राजरत्नने बोट वरून खाली नेलं, खालून वर आणलं. लगेजचा डबा होता. त्याच्यापुढे प्रवासीसंख्या लिहिली होती, शून्य.

"शून्य?" शालन म्हणाली. "तीस वर्सं मी त्या डब्यात बसते. आमी अकरा बाया बसतो. भाजीवाले येगळे, दूधवाले येगळे. आमी शून्य व्हय?"

साहेबाची चूक साधी होती. लगेजच्या डब्यात सामान असतं असं त्याने डब्याच्या नावावरून धरलं होतं, आणि सामान काही आपलं आपण चढत नाही हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. राजरत्नला लाज वाटली. त्याने वर फोन केला. वरच्यांनी सांगितलं, बघतो. शुक्रवारपर्यंत वरचे बघतच होते.

शनिवारी राजरत्न स्वतःच्या हिमतीवर बोलला. "सातची बस रिकामी जाते. तिच्यात घेऊन जा. पण मावशी, तीच बस कल्याणहून माणसं भरून परत येणार आहे. खाली पाण्याचा एक थेंब दिसला तर माझ्यावर शेकेल, आणि तिसऱ्या रविवारी तुम्हाला कुणीच घेणार नाही. शिवाय थांब्यावर पाच मिनिटांच्या वर बस उभी करता येत नाही."

"थेंब पडायचा नाय," शालन म्हणाली.

तिने लगेजच्या डब्यातल्या बाकीच्या दहाही जणींना गोळा केलं; त्या दारोदार फिरून विकायच्या, ओटा तेवढा शालनचा. लाकडाच्या वखारीतून भुशाची चार पोती आणली. प्रत्येक पाटी मोठ्या टबात, टबात चार बोटं भुसा, वर गोणपाट, मग मासळी आणि बर्फ. वितळलेलं पाणी भुशाने प्यायचं, टबाच्या बाहेर यायचं नाही. वैशाली, त्यांच्यातली सगळ्यात तरुण, म्हणाली, "काकी, एवढा खटाटोप? सरळ एक रविवार सुट्टी घ्या ना." शालनने तिच्याकडे असं पाहिलं की तिने निमूट भुसा भरायला घेतला.

रविवारी सातला बस लागली. ड्रायव्हर दामाजी कल्याणजवळच्या मोहने गावचा, रिटायर व्हायला आलेला. अकरा बाया आणि अकरा टब बघून त्याने कपाळाला हात लावला.

"झालं. आता ह्या अर्धा तास चढतील. मी चहा घेऊन येतो."

त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. लोकल फलाटावर अर्धा मिनिटसुद्धा थांबत नाही, आणि ह्या बाया त्या अर्ध्या मिनिटात रोज पाट्यांसकट चढत आल्या होत्या. शेवटी उतरणारी पहिली आत, पहिली उतरणारी दाराशी, हा क्रम वर्षानुवर्षं ठरलेला. कल्याणला जाणाऱ्या चौघी आधी घुसल्या. दोघी खालून टब उचलून देत, दोघी वर ओढून घेत, कुणी कुणाला हाक मारत नव्हतं, कुणी कुणाच्या पायात येत नव्हतं. राजरत्न घड्याळ धरून उभा होता. दामाजीने चहाचा ग्लास ओठाला लावला तोवर शालन शेवटची चढली आणि दारातून म्हणाली, "चला डायवरदादा, का आजून साखर पायजे?"

दीड मिनिट झालं होतं. राजरत्न घड्याळाकडे बघतच राहिला.

मुंब्र्याच्या बायपासपर्यंत बस सुरेख धावली. बायांच्या गप्पांना ऊत आला होता. शिळफाट्याच्या अलीकडे मात्र सगळं थांबलं. समोरून ठाण्याकडे येणाऱ्या गाड्यांनी आपली बाजू भरून टाकली होती आणि आता त्या ह्या बाजूवरही घुसल्या होत्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पंचवीस गेली. आठ वाजून गेले. उन्हाने पत्रा तापला आणि बर्फ भराभर सुटायला लागला.

"काकी," वैशालीचा आवाज चिरकला. "माझा भुसा भरला. पाणी वर आलंय."

शालनने टबात हात घातला. पाणी काठापासून दोन बोटं खाली होतं. बस हलली की सांडणार. थेंब पडला तर बस जाणार, बस सुटेना तर ओटा जाणार. क्षणभर तिला रडूच येईल असं वाटलं. आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं. कोळ्याच्या घरात जन्माला आलेली बाई पाणी वर आलं म्हणून रडायला निघाली होती.

"गं पोरी, होडीत पानी आलं तर काय करतात?"

"उपसतात."

"मंग बघतेस काय?"

अकरा जणींनी अकरा डबे काढले. कुणाचा जेवणाचा, कुणाचा चहाचा, कुणाचा मासळीवर पाणी मारायचा. मागच्यांनी भरून द्यायचा, मधल्यांनी हातोहात पुढे करायचा, दाराशी शालनने रस्त्याकडेच्या गटारात रिकामा करायचा. शेजारच्या गाड्यांतली माणसं काचा खाली करून बघायला लागली. एका मोटारसायकलवाल्याने व्हिडिओ काढला. दामाजी आरशातून बघत होता. त्याचा बाप उल्हास नदीत होडी चालवायचा. तो बाहेर उतरला, समोर आडवी घुसलेली गाडी कुणाची ते विचारलं, आणि पुढच्या दहा मिनिटांत त्याने आपल्या तोंडाच्या जोरावर चाळीस गाड्या मागे घ्यायला लावल्या.

"घट्ट धरा," परत चढताना तो म्हणाला. "आता मी ब्रेक लावायचा नाय."

आठ अठ्ठेचाळीसला बस डोंबिवलीत शिरली. डोंबिवलीच्या सात जणी उतरल्या. शालनने टब तिथेच वैशालीच्या हवाली केला, पाटी डोक्यावर घेतली आणि पळत सुटली. पन्नाशीची बाई, डोक्यावर वीस किलो, आणि ती रिक्षांच्या रांगेतून अशी गेली की रिक्षावाल्यांनी आपणहून वाट दिली.

बाजारात शेवंती कोपऱ्यावरच्या ओट्याजवळ उभी होती. शेजारी हेमाली, आपली पाटी काखेत घेऊन. ओटा कोरडा होता. हेमालीने पाटी त्यावर ठेवली नव्हती, नव वाजायची वाट बघत होती.

शालनला बोलायला श्वास उरला नव्हता. तिने पाटी उतरवली, शेजारच्या पिंपातून तांब्या भरला आणि ओट्यावर ओतला. मग दुसरा ओतला. तिसऱ्याची गरज नव्हती, पण तिसराही ओतला. वर चिंबोऱ्या मांडल्या, कोळंबीचा ढीग लावला, खाडीच्या चिखलातली निवट्या मासळी बाजूला सोडली.

शेवंतीने घड्याळ पाहिलं. "नवाला सात कमी. वटा वला हाय," तिने सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं.

बाजार नुसता उसळला. बायांनी कोयते फळ्यांवर आपटले, शिट्ट्या वाजल्या, गिऱ्हाइकांना काय झालं ते कळेना. शालनला एवढा आनंद झाला की तिने शेवंतीचा हात धरला आणि तो सोडायचंच विसरली. हेमालीही हसली, थोडं कष्टाने. शालनने तिला जवळ ओढलं. "त्या भितीकडचा वटा वैशालीच्या मावशीचा. ती गावाला चाललीय कायमची. मी शेवंतीमावशीशी बोलते, पुढला नंबर तुजाच." शेवंतीने मान डोलावली.

साडेदहाला राजरत्नचा फोन आला. बस कल्याणहून माणसं भरून परत आली होती. "मावशी, मी स्वतः वाकून हात फिरवून बघितलं. भुशाचा एक कण आहे, पाण्याचा थेंब नाही. तक्ता मी दुरुस्त करून वर पाठवलाय. शून्य खोडलं. पुढच्या रविवारी किती बाया लिहू?"

"चाळीस लिवा," शालन म्हणाली. "अख्खा कोलीवाडा येतोय. आनि बशी दोन लावा."

"दोन लावतो," राजरत्न म्हणाला.

मग तिने घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"आई, वटा वला झाला."

"किती वाजता?"

"नवाला सात कमी."

"बरं." गंगुबाई म्हणाली. "मी सकालीच हेमालीला फोन केलता. बोलले, पोरी, पाटी भरून तयार ऱ्हा. नियम म्हंजे नियम."

शालनचं तोंड उघडंच राहिलं.

"आन् फोन ठेवला," गंगुबाई पुढे म्हणाली, आणि आता तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, "तशी देवाम्होरं जाऊन बसले. गुडघं दुखत होतं तरी खालीच बसले. आता तुजा फोन आला तवा उठतेय. माजी सून पोचू दे, एवढंच बोलत व्हते."

शालनने पदराने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि समोर उभ्या गिऱ्हाइकाला चिंबोऱ्यांचा भाव नेहमीपेक्षा चढाच सांगितला.