टाकीवरची स्वारी

कुणाचाच विश्वास बसणार नाही, नका ठेवू. पण ज्या टाकीपायी माझे चार दात आणि मेहुण्याचा अर्धा कान गेला, तिच्यावर मी स्वार झालो होतो.

आमचं गाड्या रंगवायचं वर्कशॉप. कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून मेहुण्याने नायट्रोजनच्या सिलिंडरवरून हवेची टाकी भरायला घेतली. टाकीची ताकद दीडशे पीएसआय दाबाची. सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा फुसफुसतो म्हणून या शहाण्याने तो काढून तिथे बूच आवळलेलं. दाबाचं मीटर मात्र नवंकोरं, बार दाखवणारं.

"काटा कुठे आलाय रे?"

"विसावर. दीडशे व्हायला बराच वेळ आहे, दाजी."

मी ओरडलो, "गाढवा, ते वीस बार! एका बारला साडेचौदा पीएसआय. दोनशे नव्वद झाले! तिघांच्या चिंध्या होतील!"

तिसरी माझी बायको, दारात उभी.

"माझ्या बहिणीदेखत मला गाढव म्हणता?" पाना उचलून त्याने थेट माझ्या थोबाडावर हाणला. दात खळकन फरशीवर पडले. मी रक्त थुंकलो, त्याची मानगूट धरून भिंतीवर आपटला आणि सिलिंडरचा नळ आवळला. तरी काटा बावीसवर! बघतो तर टाकीला खेटून याचीच चहाची शेगडी धगधगतेय. कोंडलेल्या वायूला आच लागली की तो चढतोच, मेहुण्यासारखा.

शेगडीला लाथ घातली. निखारे त्याच्या पोटऱ्यांवर. बोंबलत तो माझ्या पाठीवर चढला आणि खांद्याला कडकडून चावला. चाव म्हटलं! त्याला तसाच घेऊन टाकीवर मांड ठोकली आणि पान्याने बूच फिरवलं. ते गोळीसारखं सुटलं, त्याचा अर्धा कान उडवून पत्र्यातून आरपार! टाकी उसळली, मागचं दार फोडून रस्त्याला लागली. आम्ही दोघं वर, गुद्दागुद्दी चालूच. खाली टाकी तापून लालबुंद, माझी पॅन्ट पेटलेली, तरी मी...

"अहो, पुरे!" माझा किस्सा ऐकणारी बायको आतून कडाडली. "वायू सुटला की टाकी गार पडते. पेटते कसली? तुमची ओली पॅन्ट गोठून तिला चिकटली होती, मी कोमट पाणी ओतून सोडवली. ओली कशाने झाली होती, तेही सांगू?"