यामची दुसरी काढणी

"हे उताऱ्यात कुठं लिहिलंय? बोट ठेव," अकोसू सर म्हणाले.

इवेरेनचं बोट ओळींवरून फिरलं आणि कागदाच्या तळाशी येऊन थांबलं. उतारा नदीतल्या मासेमारीवर होता. पुराचं पाणी ओसरलं की मासळी स्वस्त होते, असं उत्तर तिने दिलं होतं. उताऱ्यात मात्र त्याचा मागमूस नव्हता.

"सर, पण आपल्या बेन्वे नदीत तसंच होतं. माकुर्डीच्या बाजारात कुणालाही विचारा."

"बाजार पेपर तपासत नाही, पोरी."

शेजारी बसलेली डूशिमा फिसकन हसली. "सर, हिला पेपर द्यायला नको, पेपर काढायलाच बसवा."

शिकवणीचा सगळा व्हरांडा हसला. इवेरेनही हसली. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला ती तिसऱ्यांदा बसणार होती. गेल्या वर्षी दोनशे गुण हवे होते, तिला एकशे सत्त्याण्णव पडले. ते तीन गुण इंग्रजीच्या उताऱ्यानेच खाल्ले, असं सरांचं ठाम मत होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं अशातला भाग नाही. तिला गोष्टी माहीत होत्या, हीच अडचण होती. लेखकाने एक म्हणावं आणि तिने मनातल्या मनात त्याच्याशी वाद घालावा.

आणि या वेळी मागे हटायला जागा नव्हती. ग्बोकोच्या काकाने आपल्या दुकानातलं जादा शिलाई मशीन तिच्यासाठी तेलपाणी करून ठेवलं होतं. बाबा एवढंच म्हणाले होते, "तिसऱ्यांदा नाही जमलं, तर काकाला नाही म्हणायला माझं तोंड उरणार नाही."

मग रोज दुपारी तापलेल्या पत्र्याखाली दोन उतारे, प्रत्येकाला आठ मिनिटं. आधी ओळीवर बोट, मग उत्तर. ओळ सापडली नाही तर उत्तर खोटं. शेवटच्या आठवड्यात तिच्या फुल्या कमी झाल्या. तरी सर पेनाचं टोपण उघडत तेव्हा ती ओळीवरचं बोट उचलत नसे.

परीक्षेच्या दिवशी थंडगार खोलीत तिने संगणकाच्या पडद्यावर पहिला उतारा उघडला आणि तिला हसूच फुटलं. याम! ज्या कंदावर तिचं घर जगत होतं, तोच. तीन प्रश्न तर तिने झरझर सोडवले. चौथा होता: लेखकाच्या मते यामची काढणी वर्षातून किती वेळा होते?

तिने 'दोनदा' निवडलं आणि ती पुढे निघाली. मग हात अडखळला. बोट?

ती मागे आली. लेखकाने लिहिलं होतं: पाऊस सरल्यावर, वर्षातून एकदा.

हे साफ चूक होतं. सहा वर्षांची असल्यापासून ती बाबांबरोबर ऑगस्टात माती उकरत आली होती. मोठा कंद हलक्या हाताने कापायचा, वेल आणि मुळं तशीच ठेवायची, वर माती ओढायची. मग डिसेंबरात त्याच वेलाला छोटे कंद धरतात, तेच पुढचं बियाणं. 'एकदा' निवडणं म्हणजे बाबांना तोंडावर खोटं पाडणं. कोपऱ्यातलं घड्याळ पळत होतं. तिने त्या ओळीवर बोट टेकवलं.

"पडद्याला हात नको!" मागून पर्यवेक्षिका कडाडली.

बोट झटकन मागे आलं. पण ओळ सापडली होती. इवेरेनने 'दोनदा' पुसलं आणि 'एकदा' निवडलं.

बाबा फाटकापाशी मोटरसायकल धरून उभे होते.

"काय आलं होतं?"

"यामवर उतारा होता, बाबा."

"अरे वा! मग घरचाच पेपर की!"

तिच्याने खोटं बोलवेना. तिने सगळं सांगितलं. बाबांचा चेहरा उतरला.

"एकदाच काढला, तर तो गृहस्थ बियाणं कुठून आणतो? पुस्तकं पेरतो काय?"

"मला ठाऊक आहे, बाबा. पण तिथं त्याचंच खरं धरायचं असतं."

"आणि तू धरलंस?"

"धरलं."

बाबांनी किक मारली आणि मोटरसायकल घराकडे वळवली. पुढचे पाच दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. इवेरेनला वाटू लागलं, गुण मिळाले नाहीत तर दोन्हीकडून गेले.

सहाव्या दिवशी ती वावरात ओळीने रचलेल्या मातीच्या ढिगांत बियाण्याचे कंद पुरत होती. बाबांच्या खिशातल्या फोनवर संदेश आला. त्यांनी पडदा लांब धरून पाहिला आणि तिच्याकडे दिला. "इंग्रजी आहे. तूच बघ."

तिने हात झग्याला पुसले. एकदा वाचलं, मग आकड्याखाली बोट धरून पुन्हा वाचलं.

"दोनशे दोन."

"म्हणजे?"

"झालं, बाबा. दोन जास्तच आहेत."

बाबा तिथेच ढिगावर बसले. बराच वेळ त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढून ठेवली होती.

"काकाला फोन लाव," ते शेवटी म्हणाले. "मशीन कापडाने झाकून ठेव म्हणावं, पोरगी येत नाही."

मग टोपलीतला एक कंद उचलून त्यांनी तिच्या हातात ठेवला. "हा दुसऱ्या काढणीचा. विद्यापीठात जाशील तेव्हा घेऊन जा. तिथं कुणीतरी बघितलेला बरा."

"आणि आत्ता?"

"आत्ता ती ओळ पुरी कर. ऊन चढतंय."