दाराआडून नऊ वर्षं

टिंग!

स्टीलच्या डबीत मसुराच्या दाण्याएवढं काहीतरी पडलं आणि दुपारच्या घरातली शांतता मोडली. सात वर्षांच्या मायानं कानामागच्या, ऐकायच्या मशीनची संपलेली बॅटरी डबीत टाकली होती. तो बारीक आवाज तिला आला की नाही, मला माहीत नाही. मला मात्र आला. मी जवळच, खिडकीच्या कट्ट्यावर पडून असतो. कागदाचा पडदा फाटलेला, मागं चुंबकाचा जड गोळा, दोन तारा लोंबणाऱ्या. येणारा-जाणारा विचारतो, "हे भंगार कशाला ठेवलंय?"

मित्रांनो, मी भंगार नाही. मी गाडीच्या मागच्या डाव्या दारात नऊ वर्षं बोललेला जुना स्पीकर आहे, आणि आज मी माझी बाजू मांडणार आहे.

कारखान्यात मला एकदाच वाजवून पाहिलं आणि चार स्क्रू आवळून दाराच्या अंधारात बसवलं. तेव्हापासून माझ्या शेजारून काच वर-खाली जायची, एवढीच काय ती सोबत. गाणं आवडलं की लोक गाणाऱ्याचं नाव घेतात. माझं नाव कुणी घेतलं नाही. त्याचं मला दुःख नाही. जे आत येईल ते जसंच्या तसं बाहेर द्यायचं, हे माझं काम, आणि ते मी चोख करत होतो.

आमचं घर तासगावजवळ, द्राक्षाच्या बागेत. मायाचे वडील ऋषिराज फौजेत असतात. त्यामुळं गाडी तिची आई अंकिताच चालवते. बाग बघतो तो मायाचा काका, साईराज. मायाला जन्मापासून कमी ऐकू येतं. दर शनिवारी अंकिता तिला सांगलीला, बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे नेते. गाडी चालवताना अंकिताचं तोंड रस्त्याकडे, आवाज समोरच्या काचेकडे. मागं बसलेल्या लेकीला तो पोचायचा कसा? म्हणून ती चूल आवरून झाली की फोनमध्ये शब्द बोलून ठेवायची. ससा. साखर. शेळी. शंख. जाता-येता ते शब्द मी म्हणायचो आणि माया माझ्या जाळीला कान लावून माझ्यामागं म्हणायची. सांगतो ना, कुठल्याही गायकाला एवढा मान मिळाला नसेल.

मग द्राक्षात साखर भरायचे दिवस आले आणि बागेवर साळुंक्या उतरल्या. साईराजला युक्ती सुचली. त्यानं गाडी द्राक्षाच्या ओळीत नेऊन उभी केली, चारी दारं उघडली आणि हलगीचं रेकॉर्डिंग पूर्ण आवाजात लावून दिलं. पहाटेचं दव, वर फवारणीची भुकटी, आणि मी दिवसभर बडवला जातोय. दोन दिवस पाखरं उडाली. तिसऱ्या दिवशी एक साळुंकी येऊन माझ्याच दारावर बसली आणि मान वेळावून ऐकू लागली.

शेजारच्या बागेतले आकारामतात्या बांधावरून ओरडले, "साईराज, पाखरांस्नी गाणं आवडाय लागलं रं! आता च्या पण पाज त्यास्नी!"

त्याच दिवशी दवानं मऊ झालेला माझा पडदा फाटला.

मित्रांनो, फाटल्याची लाज मला नाही. पाखरं हाकलायला मला बसवलं नव्हतं. पण पुढं जे झालं, ते मला आजही सलतं. माझ्यातून 'स' येईनासा झाला, नुसती फरफर येऊ लागली. आणि माया? ती बिचारी माझ्यावर विश्वास ठेवून तसंच म्हणू लागली. ससा म्हणायच्या ऐवजी 'फफा'. शाळेत पोरं हसली. तिनं वर्गात बोलायचंच सोडलं. सांगलीच्या बाईंनी विचारलं, "हे नवीन कुठून शिकली ही?" तेव्हा अंकितानं पहिल्यांदा मागच्या सीटवर बसून माझ्या जाळीला कान लावला. फोनमधला 'ससा' पुन्हा लावला, आणि माझ्यातून 'फफा' निघाला.

साईराज ओशाळला. पण उपाय त्याचा तोच. "वैनी, मोठा स्पीकर बसवू की. पोरीला कमी ऐकू येतंय, तर दणका नको व्हय?"

पुढच्या शनिवारी सगळे सांगलीत, गाडीचे स्पीकर बसवणाऱ्या दुकानात. दुकानदार मानसिंगनं दाराचा पत्रा उघडून मला बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. नऊ वर्षांनी मी उजेड पाहिला. भिंतभर नवे स्पीकर, एकेक परातीएवढा. मानसिंगनं सगळ्यात मोठ्यावर लग्नाच्या वरातीचं गाणं लावलं. टेबलावरचा चहाचा कप थरथरला.

"आयला, छातीत वाजतंय!" साईराज खूश.

"भावजी, पोरगी छातीनं ऐकत नाही," अंकिता म्हणाली. मग मानसिंगकडे वळली. "गाणं बंद करा. माझ्या फोनमधला आवाज लावा. साधा, बोलण्याचा."

"ताई, स्पीकर घ्यायला आलाय का शाळा भरवायला?"

"शाळाच भरवायचीय. लावा."

मानसिंगनं लावला. मोठ्या परातीतून अंकिताचा आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमला. मायानं ऐकलं आणि म्हणाली, "हहा." दुसऱ्यातून आवाज मोठा होता, पण पोरीनं मशीनवर हातच ठेवला. "टोचतंय." तिसऱ्याला मधोमध एक बारीक स्पीकर होता, नखाएवढा. आवाज बेताचा. माया थबकली. पुन्हा लावायला सांगितलं. मग ओठ ताणून, दातांमागं जीभ जपून ठेवत म्हणाली, "ससा."

 साईराजनं टोपी काढून हातात धरली.

मानसिंगनं आता आपणहून पट्टी काढली आणि दाराची खोली मोजली. "तुमचं बरोबर हाय ताई. मोठ्याचं चुंबक जाड. काच खाली आली की त्याच्यावरच आपटली असती. आणि तो वाजवायची ताकद गाडीच्या टेपात न्हाई. ह्यो तिसराच बसतोय." मग गंमत म्हणून त्यानं माझ्या तारा जोडल्या. "ह्या म्हाताऱ्याचं पण ऐकू."

मी जीव एकवटला, खरंच. आणि निघालं ते "फफा." माया खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली असेल. मला हरल्यासारखं वाटलं नाही, मित्रांनो. माझी जागा दणक्याला नाही, कामाला मिळाली होती.

मानसिंग मला भंगाराच्या टोपलीत टाकणार, तोच मायानं मला उचलून फ्रॉकच्या ओच्यात घेतलं.

म्हणून ठासून सांगतो. जे ज्या कामाचं, त्याला त्याच कामाला लावा. आणि कुणाला ऐकू येत नसेल, तर आवाज वाढवायच्या आधी त्याला विचारा, की तुला काय ऐकू येतंय? एवढं विचारलं असतं, तर माया इतके दिवस वर्गात मुकी राहिली नसती.

त्या दिवशी परतताना नवा स्पीकर माझ्या जागेवरून बोलत होता. साखर. शेळी. शंख. मी मायाच्या मांडीवर होतो. ती एकही शब्द चुकली नाही. अंकिता पुढून आरशात बघत होती, डोळे भरलेले.  मग मायानं पुढं वाकून आईच्या खांद्याला हात लावला. अंकितानं गाडी कडेला घेतली, वळून बसली.

"आई, दुकानात तुझा आवाज येगयेगळा आला. परत्येकात येगळा."

"हो गं. पण हा नवा चांगला आहे ना?"

"चांगला हाय." मायानं कानामागच्या मशीनला बोट लावलं. "पण ह्ये काढलं की तू येतच न्हाईस. ह्ये घातलं की ह्याच्यातनं येतीस. मग आई, तुझा खरा आवाज कसा हाय?"