इवायासमोरचं खातं

मौद्याच्या बँकेतून बाहेर निघताच प्रयागबाईनं नवऱ्याला पायरीवरच अडवलं.

"खात्यातले पैसे गेले कुठी? अंडे मी इकले, कोंबड्यायमांगं मी धावली. पोरीच्या बाळंतपणाचे पैसे होते ते."

"बँकेनं कापले," महादेवराव चपलेकडे पाहत म्हणाला.

"काहून कापले?"

आता काय सांगणार बापडा! खातं उघडायच्या दिवशी बँकेतल्या सोनिका मॅडमनं त्याला नीट समजावलं होतं. काका, तुमची जमा थोडी थोडी येते, झिरो बॅलन्सचं साधं खातं घ्या, त्यात काही ठेवायची सक्ती नाही. हा 'हो' म्हणणारच होता. पण बाजूच्या खुर्चीवर कोण? पोरीचा, म्हणजे श्वेताचा सासरा, भैय्याजी इवाई. तोही खातं उघडायलाच आलेला. आमच्याकडे माणूस इवायाघरी अर्धपोटी उठेल, पण दुसऱ्यांदा भाजी मागणार नाही. मग त्याच्यासमोर झिरो कसं म्हणावं?

"मले मोठंवालं द्या," महादेवराव ऐटीत बोलून गेला. त्या खात्यात ठरलेली रक्कम कायम पडून राहिली पाहिजे, नाही तर दंड. मॅडम सांगत होत्या, अन् ह्याचं ध्यान इवायाच्या तोंडाकडे. अंड्यांच्या पैशानं ती रक्कम कधी गाठलीच नाही. दंड कापला जात राहिला अन् हा घरात मूग गिळून बसला.

पायरीवर त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. प्रयागबाई ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"घरात नाही दाणा, अन् मले बाजीराव म्हणा," ती हळूच म्हणाली. "चला अंदर. माह्यासमोर खातं बदलून घ्या."

आत गेले तर काउंटरपाशी भैय्याजीच उभा. महादेवरावाला जमीन फाटावी असं वाटलं. पण मागं प्रयागबाई होती.

"मॅडम, माहं झिरोवालं करून द्या," तो म्हणाला.

भैय्याजीनं हातातलं पासबुक काउंटरवर ठेवलं. मग म्हणाला, "मी बी त्याच्यासाठीच आलो, इवाई. त्या दिवशी तुमी मोठं घेतलं. पोरीवाल्यानं मोठं घेतल्यावर मी पोरावाला लहान कसं घेऊ जी?"

"मंग रक्कम कुठून भरली तुमी?" प्रयागबाईनं विचारलं.

भैय्याजीनं टोपी काढून हातात धरली. "श्वेताचे शिलाईचे पैसे होते. बाळंतपणासाठी जमवून राह्यली होती. सुनेले म्हटलं, राहू दे माह्या खात्यात. तरी रक्कम पुरली नाई. ते बी कापल्या गेले."

प्रयागबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. महादेवरावाला तिच्याकडे पाहवेना. लेकीच्या नावाचा पैसा माहेरचाही गेला अन् सासरचाही, अन् कशापायी, तर त्याच्या एका ऐटीपायी. आपल्याच हातानं थोबाडीत मारून घ्यावं असं त्याला झालं.

"आधी कोणाचं करू?" सोनिका मॅडमनं विचारलं.

"पयले इवायाचं करा," भैय्याजी सवयीनं म्हणाला.

एरवी महादेवरावानंही तोच मान परत केला असता. आज त्यानं मान वर केली नाही.

"हो, पयले माहंच करा, मॅडम," तो म्हणाला. "सुरुवात म्याच केली होती."