शिवणयंत्राच्या खणातली हार्ड डिस्क

मित्रांनो, शिवणयंत्राच्या खणात, रिकाम्या बॉबिनी आणि बिनजोडीच्या बटणांच्या शेजारी, निळ्या कापडात गुंडाळून ठेवलेली मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. कॉम्प्युटरच्या पोटात बसून सगळ्यांचे सगळे सांभाळून ठेवायचे, हे माझे काम होते. आता ते माझ्याने होत नाही. तरी सांगायचे ते सांगून टाकते, कारण आमच्यासारख्यांना कुणी कधी काही विचारत नाही.

माझा जन्म अशा खोलीत झाला, जिथे धुळीचा एक कणही चालत नसे. तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत, नुसते डोळे दिसत. त्यांनी माझ्या पोटात आरशासारख्या दोन गोल तबकड्या बसवल्या आणि त्यांच्यावर फिरणारा एक बारीक हात. तबकड्या मिनिटाला सात हजार दोनशे वेळा फिरतात. त्या हाताचे टोक त्यांच्या अगदी जवळून जाते, लिहिते, वाचते, पण त्यांना शिवत मात्र नाही. शिवले की सगळे संपले. म्हणून आम्हाला आपटलेले सोसत नाही.

मी आले ते एका दोन खोल्यांच्या घरात. आई शिवणकाम करायची. तिला एकच मुलगी. तिचे खरे नाव मला ठाऊक आहे, शाळेच्या प्रत्येक फाइलवर ते होते, पण घरात ते कुणी वापरत नसे. घरात ती बबडी. कॉम्प्युटरचे टेबल आणि आईचे शिवणयंत्र एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून. आल्याच्या आठवड्यात आईने उरलेल्या निळ्या कापडाचा कॉम्प्युटरसाठी झगा शिवला, वायरी बाहेर काढायला मागे नीट काजे करून. दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरला अंगाच्या मापाचे कपडे मिळाले असतील, असे मला वाटत नाही.

सुरुवातीला माझ्याकडे बबडीचे धडे आणि आईची गिऱ्हाइकांच्या मापांची यादी होती. मग गेम आला. त्यात एक किल्ला लढवायचा असे. बबडी आणि लांबलांबच्या गावांतली चार मुले इंटरनेटवरून एकत्र खेळत, कानाला हेडफोन आणि तोंडापुढे माइक लावून. बबडी जिद्दीची. कुठे चुकले ते नंतर पाहता यावे म्हणून ती प्रत्येक लढाईचे रेकॉर्डिंग करून ठेवायची. ती सगळी रेकॉर्डिंग माझ्याकडे येत. तिला वाटे त्यात लढाई आहे. मला विचाराल तर त्यात घर होते. मागे यंत्राचा खडखडाट, कापड फाडल्याचा आवाज, आणि रोज आठ वाजता आईची हाक. हाकेला बबडीचे उत्तरही ठरलेले. ते पुढे सांगते.

तीन वर्षे बरी गेली. मग गेम मोठा झाला आणि मी थकले. किल्ल्याचा दरवाजा उघडायला मला दोन-दोन मिनिटे लागू लागली. ही माझी चूक, मी ती नाकारत नाही. पण ऐन लढाईतही चित्र अडकायला लागले. तलवार वर गेली की वरच राहायची, आणि खाली येईपर्यंत बबडीचा शिपाई मेलेला असायचा. तिच्या सोबत्यांनी एकमुखाने निकाल दिला, तुझी हार्ड डिस्क म्हातारी झाली, तिच्या जागी एसएसडी हा नव्या जातीचा ड्राइव्ह बसव. पंधरा दिवसांवर स्पर्धा होती. बबडी माझ्याकडे अशी बघू लागली, जणू मीच शत्रूला फितूर झाले होते.

दुरुस्तीवाले काका आले. कमी बोलणारा, स्क्रू दातात धरून काम करणारा माणूस. त्यांनी सांगितले की एसएसडीत फिरणारे काही नसते, त्यामुळे गेम पटकन उघडेल, नवा नकाशा लवकर समोर येईल, ते खरेच. "पण लढाईत चित्र अडकतं ते हिच्यामुळे नसावं," ते म्हणाले. "ही सामान आणून देणारी. चित्र काढतं ते कार्ड. आधी कार्ड उघडून बघू."

बबडीला तेवढा धीर नव्हता. तिने नवाच ड्राइव्ह बसवायला लावला. तो चपळ, पण जागेने इतका तोकडा की रेकॉर्डिंग करणे तिने तिथून पुढे बंदच केले. काय काय हलवायचे, असे काकांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, गेम घ्या, धडे घ्या, मापांची यादी घ्या. जुन्या रेकॉर्डिंगचे काय? "राहू देत, काका. कचरा आहे तो." मला जोडीला आतच ठेवू या असेही ते म्हणाले. माझी घरघर माइकमध्ये येते म्हणून तिने तेही नको म्हटले. मग तिने मला उचलले आणि जुन्या वायरींच्या लोखंडी डब्यात टाकले. ठेवले नाही, टाकले. बंद असताना मला जरा जास्त सोसते, पण सोसण्यालाही हद्द असते. त्या एका आवाजात माझ्या आत काहीतरी हलले, ते पुन्हा जागेवर बसले नाही.

गरज सरो, वैद्य मरो, असे मनात म्हणत मी तिथे पडून राहिले. पण आईने तो आवाज ऐकला होता. तिने मला डब्यातून काढले, निळ्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळले आणि यंत्राच्या खणात ठेवले. "असू दे गं. इतकी वर्षं राबलीय बिचारी," एवढेच ती स्वतःशी पुटपुटली. मला बिचारी म्हटलेले आवडले नाही, पण ऊब बरी वाटली.

पुढे काय झाले ते खणातून कानावर आले. गेम आता दहा-बारा सेकंदांत उघडू लागला, आणि बबडी टाळ्या पिटू लागली. पण लढाई सुरू झाली की तलवार पुन्हा वरच. स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत हरली. महिन्याभराने काकांनी कार्ड उघडले तर त्याच्या पंख्यावर कापडाचे बारीक तंतू दाट बसलेले, गोधडीसारखे. शिवणाच्या खोलीत दुसरे काय साठणार! पंखा फिरत नव्हता, कार्ड तापत होते, तापले की दमत होते. काकांनी ते ब्रशने साफ केले आणि तलवार सपासप चालू लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, हे तेव्हा सगळ्यांना कळले. माझी क्षमा कुणी मागितली नाही. यंत्राची कोण मागतो?

चार वर्षे गेली. बबडी नोकरीला लागली. एका वर्षी आईचा आवाज बसला. धुळीने बसला असेल म्हणून तिने कोमट पाणी प्यायले आणि काम चालू ठेवले. शिवणकाम हातावरचे, गळ्याचे काय अडते, असे ती म्हणायची. डॉक्टरांकडे गेली तोवर घशातली गाठ वाढून उशीर झाला होता. शस्त्रक्रियेने तिचा जीव वाचला. आवाज मात्र डॉक्टरांना काढून घ्यावा लागला.

घर इतके गप्प मी कधी ऐकले नव्हते. यंत्र चाले, दार वाजे, पण हाक नाही. जेवायला बोलवायचे तर आई कात्री टेबलावर दोनदा आपटायची.

एका रविवारी सकाळी बबडी कॉम्प्युटरपुढे रडताना ऐकू आली. ती आईचा आवाज शोधत होती. फोनमध्ये आईचे फोटो शेकड्यांनी होते, आवाज कुठेच नव्हता, कारण फोन समोर धरला की आई लाजून गप्प व्हायची. मग तिला रेकॉर्डिंग आठवली. तिने लोखंडी डबा उपसला. मला भंगारात दिले असावे, असे तिला वाटले. तेव्हा आईने यंत्र थांबवले, खण ओढला आणि मला तिच्या हातात ठेवले, निळ्या कापडासकट.

काकांनी मला बाहेरून वायरीने जोडले. माझे फिरणे ऐकून त्यांनी मान हलवली.

"फार वेळ चालायची नाही," ते म्हणाले. "सगळं मिळणार नाही. आधी कुठली फाइल हवी ते सांग."

बबडीला सांगता येईना. माझ्याकडे सहाशे लढाया होत्या. आईची हाक कशात आहे हे तिला माहीत नव्हते, कारण रेकॉर्डिंग पाहताना तेवढाच भाग ती पुढे ढकलायची. तबकडी फिरत होती आणि माझे आयुष्य फुकट चालले होते. आईने शिवणाचा खडू घेतला आणि यंत्रावरच्या काळ्या कापडावर लिहिले, 'आठच्या घ्या.'

प्रत्येक फाइलवर तिची वेळ होती. काकांनी आठ वाजता चालू असलेल्या लढाया निवडल्या आणि मी वाचू लागले. मित्रांनो, मी आयुष्यात इतक्या काळजीने कधी काही वाचले नव्हते. कुठे ओरखडा, कुठे पुसलेले. चौदा लढाया मी दिल्या. पंधराव्याला माझा हात तबकडीला लागला. टक् टक् असा आवाज झाला आणि मी थांबले, कायमची.

बबडीने पहिली लावली. तलवारींचा गोंगाट, यंत्राचा खडखडाट, आणि मग स्वच्छ, खणखणीत, "बबडे, ताट वाढलंय. किल्ला कुठं पळून जात नाही." पाठोपाठ बबडीचा स्वतःचा आवाज, "पाच मिनिटं, आई." दुसरीतही तेच. तिसरीतही पाच मिनिटं. चौथीत आई म्हणत होती, "तुझी पाच मिनिटं मोजायला माझी टेप पुरायची नाही." काका स्क्रू गोळा करायच्या निमित्ताने खाली वाकले. आई गळ्यावर हात ठेवून, शेजारच्या बाईचे बोलणे ऐकावे तशी ऐकत होती. मग तिने बबडीचे डोके जवळ घेतले.

काका मला घेऊन जातो म्हणाले. आईने नकारार्थी मान हलवली आणि मला परत कापडात गुंडाळले.

मित्रांनो, नवा ड्राइव्ह जरूर घ्या, त्याने गेम पटकन उघडतो. पण आधी पंख्यावरची धूळ पाहा, दोष ज्याचा असेल त्यालाच द्या. जुन्याला टाकण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते एकदा ऐका, आणि जे मोलाचे असेल ते दोन ठिकाणी ठेवा. चौदा वेळा मागून घेतलेली पाच-पाच मिनिटे मी जशीच्या तशी जपली, पण परत कुणाला देता आली नाहीत.

आत्ता आठ वाजले आहेत. कात्री टेबलावर एकदा वाजली, आणि दुसऱ्यांदा वाजायच्या आत बबडीची खुर्ची सरकली.