पंप कोणी थांबवायचा

हार्लन स्ट्राउडचा धंदा मक्याच्या बियाण्याचा. आयोवातल्या आमच्या गावाबाहेरचं वीजकेंद्र त्याने विकत घेतलं आणि लगेच वीस वर्षांच्या भाड्याने वीज कंपनीलाच परत दिलं. असा मालक वीज आयोगाच्या जाचातून सुटतो. मात्र भाडं ठरलेलंच घ्यायचं आणि केंद्र चालवण्यात बोट घालायचं नाही. सूट नाकारली गेली, तर त्याला बियाण्यासाठी कर्ज काढतानाही आयोगाची परवानगी मागावी लागणार होती.

चौकशीला आयोगाच्या अर्लीन हॅगन केंद्रावरच आल्या. मी त्यांची टिपणं लिहिणारा. करार इतका स्वच्छ होता की वाचतानाच मला संशय आला.

"इथे किती वेळा येता?" बाईंनी विचारलं.

"वर्षातून एकदा. तेही डोनट असतील तर," हार्लन म्हणाला.

दाराजवळ खुंटीवर पाहुण्यांची हेल्मेटं होती, सगळी बिननावाची. फक्त एकावर 'हार्लन' रंगवलेलं, आतला पट्टा घामाने पिवळा पडलेला.

"वर्षातून एकदा येता, पण घाम बराच गाळता."

वीज कंपनीने नेमलेला केंद्राचा व्यवस्थापक डुएन मध्येच म्हणाला, "ते आम्ही गमतीत रंगवलं, बाई. त्याच्या वाढदिवसाला."

"पट्टाही रंगवलात?"

डुएन डोनट चघळत राहिला. पण हेल्मेट घातलं म्हणजे हुकूम सोडला असं होत नाही. बाईंनी नाइलाजाने फाईल मिटली. हार्लनने खुशीत कॉफी ओतून घेतली.

तेवढ्यात खालून येणारी घरघर जराशी बदलली. मला तर कळलंही नाही. हार्लनचा कप मात्र ओठांपाशीच थांबला.

"दोन नंबरच्या पंपाचं बेअरिंग जातंय. बंद कर. तीन घे."

डुएनने फोन उचललासुद्धा. "दोन बंद. तीन घ्या." घरघर पुन्हा पूर्वीसारखी झाली.

बाई डुएनच्या हातातल्या फोनकडे पाहत होत्या.

"पंप वाचला, बाई," हार्लन हळूच म्हणाला. "चुकीचं सांगितलं का मी?"

"अगदी बरोबर सांगितलंत." बाईंनी फाईल पुन्हा उघडली. "डुएन, हे नसते तर?"

"पाच-दहा मिनिटांत मलाच कळलं असतं."

"मग तेवढं थांबायचं होतं."

"आणि पंप जळू द्यायचा?" हार्लनने विचारलं.

"तो चालवायची जबाबदारी भाडेकरूची होती, जळू द्यायचा." बाई माझ्याकडे वळल्या. "लिहा. सूट देऊ नये."

मी लिहीत होतो, तेव्हा हार्लन डुएनला दबक्या आवाजात विचारत होता, "तीनचा दाब पाहिलास का?"