रंगवलेलं बटण

मी एक कीबोर्ड. औरंगपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात, महेजबीनच्या टेबलावर पडलेला असतो. अंगभर अक्षरं हायेत, पण मला एकबी वाचता येत नाय. बोटं मात्र सगळी ध्यानात हायेत.

महेजबीन वेबसाइटी बनवते. पाच वर्सांपूर्वी आली तवा एकेक ओळ स्वतः लिहायची. चुकली की जीभ चावायची, खोडायची, परत लिहायची. माझं सगळं अंग वाजायचं. मग कामं लई वाढली. आता जुन्या पानातलं उचलायचं, नव्यात डकवायचं, नाव बदललं की झालं. दिवसभर त्याच तीन कळा. सारखी पाय हलवते, जांभया देते. मलाबी करमंना.

आज सकाळी सदाशिव गुरुजी जिना चढून आले. त्यांचा हार्मोनियमचा क्लास हाय, त्याची साइट हिनंच बनवलेली. डोळ्यांनी दिसत नाय, फोन त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवतो. संगं बहीण, उमाताई.

"पोरी, साइटीवर क्लासला नवं नाव आलं की मी मंजूर करायचं ना? फोन सगळं वाचतो, अन् नेमका त्या बटणापाशीच मुका होतो."

"गुरुजी, उमाताई दाबून देतील ना!"

"वीस वर्षं तीच करतीय माझं सगळं. म्हणून तर साइट केली."

महेजबीनचा चेहरा पडला. तिनं आत शोधलं. ते बटण नव्हतंच. बटणासारखी रंगवलेली चौकट होती, कुठून तरी उचललेली; फोनला ती बटण म्हणून कळतच नव्हती. ती कशी चालते, हे तिलाच उमजंना.

"या अल्ला, मेरेकू इत्ता बी नै आता?"

"अगं, दुसरीकडून उचल अन् लाव," ऑफिसचे मालक श्रीरंगसाहेब म्हणाले. "पाच मिनिटांचं काम."

"नको, सर."

तिनं सगळं मिटलं, कोरं पान उघडलं. पहिल्या ओळीपासून बसली. बोटं अडखळत होती, घामेजली होती. गुरुजी बाकावरून हलले नाहीत. दोन तासांनी फोन बोलला, "मंजूर करा. बटण."

उमाताईंचा हात सवयीनं पुढं झाला.

"हात काढ, उमे," गुरुजी म्हणाले, अन् स्वतः दाबलं.

ते जिना उतरले नसतील, तोच साहेबांनी संध्याकाळपर्यंत चार पानं मागितली.

"तीन नेहमीसारखी देते, सर. चौथं कोऱ्यापासून."

"येड लागलंय हिला!"

आता तिची बोटं माझ्यावर टेकलीत. पोरी, मी प्लॅस्टिकचा, उद्या दुसरा येईल. पण रोज एक तरी ओळ अशी लिही, की का लिहिली असं कुणी विचारलं तर तुला सांगता येईल. साहेब बघतायत. लिही.